तीनच्या पुढे

अभ्यासिकेचं उद्घाटन असलं की हल्ली नारळ फोडायला मला बोलावतात. लातूरला बोलावतात, नांदेडला बोलावतात, एकदा तर पार किनवटच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. भाषण कुणी ऐकत नाही हे मलाही ठाऊक आहे. पोरं थांबलेली असतात ती शेवटच्या प्रश्नासाठी. "मॅडम, तुम्ही पहाटे किती वाजता उठायचात?" पेनांची टोपणं निघालेली असतात. मी म्हणते, उठण्यात काय आहे, उठून काय करता ते महत्त्वाचं. टाळ्या पडतात, चहा येतो, मी गाडीत बसते.

उत्तर खोटं नाही, पण ती पळवाट आहे. खरं उत्तर द्यायचं तर आमच्या घरात एक शब्द का नव्हता ते आधी सांगावं लागेल, आणि नारळ फोडायच्या कार्यक्रमात असलं काही कुणी सांगत नाही. म्हणून इथं सांगते.

आमच्या घरात चार वाजत नसत. तीन वाजत, पाच वाजत. दुपारच्या चारला आई 'शाळा सुटायची येळ' म्हणायची आणि पहाटेच्या चारला 'तीनच्या फुडं'. चार भाकरी चालायच्या, चार पाव्हणे चालायचे. घड्याळातले चार तेवढे चालत नसत. कुणी तसा नियम केला नव्हता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईच्या तोंडून तो शब्द गेलेला पाहिला आणि स्वतःही सोडला. मग मीही सोडला. घरातली माणसं एकमेकांचं दुखणं असं न बोलता वाटून घेतात.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. आता ते गाव नाही. त्याच नावाचं दुसरं गाव आहे, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. मी सांगतेय ते जुन्या गावातलं, दगडमातीच्या भिंतींचं आणि वर माळवदाचं घर. माळवद म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार वाटायचं, आणि त्या गारव्याचा आम्हाला मोठा अभिमान होता.

मी पाचवीत होते आणि दादा, माझा एकुलता एक भाऊ, दहावीत. लातूरच्या पोरांचे फोटो तेव्हा पेपरात यायला लागले होते. दादाला दहावीनंतर लातूरला शिकायचं होतं आणि त्यापुढं डॉक्टर व्हायचं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी त्यानं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि जून ते मार्चचं वेळापत्रक मांडलं. चिकटवायला खळ मी शिजवली होती, ज्वारीच्या पिठाची. मातीच्या भिंतीवर खळ धरेना, म्हणून आबांनी बाभळीचे काटे आणून दिले आणि दादानं ते खिळ्यांसारखे भिंतीत ठोकले. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, पहाटे चार. झालेल्या दिवसावर तो लाल फुली मारायचा. फुली मारायचा मान कधीमधी मला मिळायचा, तोही मी दिवसभर त्याचं ऐकलं तर.

त्याला उठवायचं काम आईचं. अलार्मच्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. ती त्याच्या उशाशी बसायची, कपाळावरचे केस मागं सारायची आणि म्हणायची, "ऊठ रे. चार वाजले." मी शेजारी लोळत ऐकायची आणि पुन्हा झोपायची. माझ्या वाट्याला उजाडल्यावर "ऊठ की गं" यायचं, तेही चुलीजवळून ओरडून.

गणपती विसर्जनाची रात्र होती. गाव उशिरा घरी आलं. उकडत होतं म्हणून आई, आबा आणि मी अंगणातल्या छपरात अंथरूण टाकलं. दादालाही तिथंच झोपायचं होतं. मिरवणुकीच्या गप्पा त्याच्या संपल्या नव्हत्या; आबा कुणाची तरी नक्कल करता करता झोपी गेले होते आणि मी डोळे मिटून पडले होते. आईनं त्याला दटावलं. म्हणाली, "आत जाऊन नीज. चारला उठायचंय तुला." तो कुरकुरत आत गेला. ती त्याला उठवायला जायच्या थोडं आधीच जमीन हलली.

पुढचं मी सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना नाही त्यांना माझ्या सांगण्यानं कळणार नाही. गवताचं छप्पर अंगावर पडलं तरी माणूस वाचतं, माळवदाखालचं वाचत नाही, एवढं आमचं सगळं गाव एका पहाटेत शिकलं.

त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो. सरकारनं भूकंपाला टिकणारी पक्की घरं बांधून दिली, तर लोकांनी त्यांच्यापुढं पत्रे ठोकले आणि पक्क्या घरात कडब्याच्या पेंढ्या अन् खताची पोती ठेवली. बाहेरून आलेले साहेब कपाळाला हात लावायचे. पाव्हणा आला की त्याला मानानं सिमेंटच्या खोलीत झोपवायचं आणि आपण पत्र्यात पडायचं, अशी आमची रीत. पाव्हण्याला बिचाऱ्याला वाटायचं, केवढा हा पाहुणचार.

आणि त्या शेडमध्ये रोज पहाटे, त्या शब्द नसलेल्या वेळी, आम्ही तिघंही जागे व्हायचो. कुणी कुणाला सांगितलं नाही. कूस बदलली तर दुसऱ्याला कळेल म्हणून कूससुद्धा बदलायची नाही. पाच वाजले की आई नुकतीच जाग आल्यासारखी खाकरायची, आबा जांभई द्यायचे, आणि मी डोळे चोळायची. असं आमचं नाटक रोज व्हायचं.

मी पदवीधर झाले तोवर लातूर ओळखू येत नव्हतं. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, घरोघरी मेस, संध्याकाळी क्लास सुटला की सायकलींचा लोंढा. उदगीरपासून लोह्यापर्यंत ज्याला त्याला आपलं लेकरू कुठल्यातरी क्लासला टाकायचं होतं. मला राज्यसेवेची परीक्षा द्यायची होती. का, तर शेडमध्ये राहत असताना एक तहसीलदार बाई आमच्याकडं आल्या होत्या. त्यांनी आईला तुमचं काय काय गेलं असं विचारलं नाही. त्या खाली तिच्याजवळ बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. मला तेव्हाच वाटलं होतं, आपण हे व्हावं. नांदेडला स्पर्धा परीक्षेचे एक सर आहेत असं आबांना कुणीतरी सांगितलं. आईला मी लांब जायला नको होते. पण आबांनी आयुष्यात एकदाच तिच्याशी वाद घातला आणि मला घेऊन नांदेडला आले. खोली त्यांनीच निवडली. एका मुसलमान शिंपी कुटुंबाच्या गच्चीवरची, पत्र्याची. खाली स्लॅबची चांगली खोली रिकामी होती. घरमालकीण, जिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले, ती हे बघून चक्रावली. आबा म्हणाले, "पत्राच बरा हाय आम्हाला."

सर स्वतः कितीदातरी मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेले. त्यामुळं त्यांना जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांचं गणित जास्त कळायचं. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या आधी अभ्यासिकेत सलग अठरा तास अभ्यास ठेवायचे आणि स्वतः दाराशी बसून सगळ्यांबरोबर वाचायचे. वेळापत्रकाबाबत त्यांचं म्हणणं जगावेगळं होतं. ते परीक्षेच्या तारखेपासून मागं मोजत यायचे. शेवटचा महिना उजळणीचा, त्यात नवं पान उघडायचं नाही. त्याआधी जुन्या प्रश्नपत्रिका. अवघड विषयाशेजारी आवडता विषय. आणि दर रविवार कोरा. "हा खाड्याचा वार," म्हणायचे. "हप्त्यात पाव्हणे येतील, ताप येईल, लाईट जाईल. पडलेले सगळे खाडे इथं भरायचे. वेळापत्रक म्हणजे नवस न्हाई बाबांनो, मोडला म्हणून देव कोपत न्हाई. मोडलं की फिरून मांडायचं."

सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. आमच्या घरात वेळापत्रक एकदाच झालं होतं आणि ते पुन्हा मांडायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या आठवड्यात सर वेळापत्रक करूच देत नसत. आपल्याला कधी जाग येते आणि कधी डोळा लागतो एवढंच कागदावर लिहून आणायचं. अंगाला जे जमतं त्यावरच पुढचं बेतायचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. जाग येते: तीनच्या पुढे. हाताला दुसरे शब्द येतच नव्हते.

सरांनी तो कागद वर्गात उंच धरला. "बघा, बघा! तुम्ही सातला उठून सूर्यावर उपकार करून राहिले. ही औशाची पोरगी तीनला जागी असते, तीनला!" मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे बाप रे" म्हटलं. त्या दिवसापासून माझं नाव 'तीनवाली' पडलं. मी खुलासा करायला हवा होता, पण काय सांगणार? तीन म्हणजे तीन नाही, असं? मुली माझ्याकडं आदरानं बघायला लागल्या. मेसमध्ये एकीनं विचारलं, तीनला उठल्यावर डोकं दुखत नाही का? प्रत्यक्षात मी पहाटे जागी व्हायचे, दिवा न लावता पाचपर्यंत पत्र्याकडं बघत पडायचे आणि मग उठायचे. इतिहासाचा पेपर मागं पडत होता, त्याला दिवसात कुठंच जागा सापडत नव्हती. हाताशी तो एक रिकामा तास होता, आणि तेवढा सोडून मी बाकी सगळे तास पिळत होते. तशीच पूर्वपरीक्षा काठावर निघाली. मुख्य परीक्षा अशानं निघाली नसती, हे सरांना कळत होतं आणि मलाही.

आमच्या तालुक्यातली एक मुलगी सणाला गावी गेली आणि तीनवालीची कीर्ती सांगून आली. मग व्हायचं तेच झालं. मुख्य परीक्षेला महिनाभर उरला असताना एका दुपारी खाला जिन्यातून ओरडली, "बेटी, तुम्हारी अम्मी आई!" लातूरच्या पुढं एकटी कधी न गेलेली माझी आई अहमदपूर, लोहा करत, लोकांना विचारत विचारत नांदेडला पोचली होती. हातातल्या फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. दारातनंच म्हणाली, "चल घरी."

"अगं, काय झालं?"

"तीनला उठून अभ्यास करून राहिलीस म्हणं. एक दिलं तेवढं बास झालं. न्हाई पायजे मला परीक्षा बिरीक्षा. चल."

"आई, तीनला न्हाई. मी लिहिलं होतं, तीनच्या फुडं."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. सगळ्या नांदेडात ती एकटीच होती जिला ते बरोबर वाचता आलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आन मग? उठतीस व्हय त्या टायमाला?"

"न्हाई. पाचला उठते."

ते खरं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, परीक्षा होईस्तोवर मी हितंच राहते. मला राग आला होता, हे कबूल करते. ती माझी राखण करायला थांबत होती आणि मला राखण नको होती, मला वेळ हवा होता. परत चल म्हणाली असती तर बसमध्ये बसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं, हेही खरं.

आईचं आणि खालाचं दोन दिवसांत जमलं. एक अर्धी मराठी, एक अर्धी दखनी, आणि मधे काज करायला आणलेल्या कपड्यांचा ढीग. एका दुपारी मी अभ्यासिकेतून आले तर जिन्यातच खालाचा आवाज ऐकू आला. "आपा, मैं रोज चार बजे नमाज के वास्ते उटती. पानी लेने गच्ची पे आती तो खिडकीसे दिखता ना, तुम्हारी बच्ची जागीच रहती. पन बत्ती नै जलाती. कायको?"

चार हा शब्द असा परक्या बोलीतून आमच्या घरात आला. मी जिन्यात तशीच उभी राहिले. आईच्या हातातली सुई थांबलेली मला दिसली. थोड्या वेळानं सुई पुन्हा चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी नेहमीसारख्या निश्चल पडलो होतो. खाली खालाच्या दाराची कडी वाजली. अंधारात आई म्हणाली, "जागीच हायस न्हवं?"

इतक्या वर्षांच्या नाटकात असं वाक्यच नव्हतं. मग म्हटलं, "हाव."

"कवापासून?"

"तवापासून. तू बी असतीस. आबा बी."

पत्रा वाऱ्यानं थोडा वाजला. ती म्हणाली, "मीच त्याला आत धाडलं."

"मला म्हाईत हाय. मी ऐकलं होतं. मी जागी होते."

तिला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ते वाक्य तिनं आणि दादानं दोघांनीच ऐकलंय, आणि आता ते तिच्या एकटीकडं उरलंय. ती उठून बसली. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याचं मला बरं वाटलं. मग ती बोलली ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "धाडलं ते धाडलं. त्यो बोल हाय माझ्यावर, न्हाई म्हणत न्हाई. पर उठवायचं राहिलं गं, माय. आवाज द्यायचा राहिला."

मी तिला तुझी काही चूक नव्हती म्हटलं नाही. ते सगळं गाव म्हणून झालं होतं आणि त्यानं काही झालं नव्हतं. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी रडलो. मग पाच वाजले आणि या खेपेला कुणी खाकरलं नाही.

त्याच्या दुसऱ्या पहाटे तिनं उठून बटण दाबलं. खोलीत उजेड झाला. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला आणि माझी इतिहासाची पुस्तकं उचलून उशाशी आणून ठेवली. त्या तासात मी सगळा इतिहास बसवला. सरांना दाखवायच्या वेळापत्रकात पहिल्यांदाच सगळ्यात वरची ओळ लिहिली, पण वेळेच्या जागी एक रेघ मारली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. आईनंही वेळेचा उच्चार कधी केला नाही. उजेड करायची, चहा द्यायची आणि भिंतीला टेकून काज करत बसायची.

मुख्य परीक्षा औरंगाबादला होती. आदल्या दिवशी तिकडं पोचायचं म्हणून पहाटे पाचची बस धरायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी खालानं शिरखुर्मा करून वर पाठवला, ईद नसताना. मी पिशवी भरली, ओळखपत्र तपासलं, पुन्हा तपासलं, आणि पुस्तक उघडून बसले. सरांनी बजावलं होतं की शेवटच्या दिवशी नवं पान उघडायचं नाही, आणि मी नेमकं तेच करत होते. आईनं ते पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि मिटलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पिशवीच्या नाड्या बांधत होती. नाडी बांधून झाली तरी तिची बोटं तिथंच होती.

"नीज आता," ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "चारला उठायचंय तुला."

मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला ते वाक्य परत घ्यावं लागलं असतं. मी अंथरुणावर पडले आणि डोळे मिटले. तिनं दिवा मालवला.

माझी निवड झाली, आबांनी गावात पेढे वाटले, सरांनी माझाही फोटो चौकात लावला, हे सगळं पुढचं. पोरं मला त्याबद्दलच विचारतात. मला मात्र ती पहाटच आठवते. कारण तवापासून पहिल्यांदाच मला त्या वेळी जाग आली नाही. मी गाढ झोपले होते, दहा-अकरा वर्षांच्या पोरीसारखी, जिला उठवायला कुणीतरी आहे. ती उशाशी येऊन बसली तेही मला कळलं नाही. कळली ती कपाळावरची बोटं. ती माझे केस मागं सारत होती. जन्मात कधी तिनं मला तसं उठवलं नव्हतं.

"ऊठ रे," ती म्हणाली. "चार वाजले."

मी तिला दुरुस्त केलं नाही. दादा उठला असता तशी कुरकुरले आणि उठले.